चिकातला मक्का

मक्क्याचं कणीस मधोमध मोडायचं, एक दाणा उकरून काढायचा आणि त्यातली रेघ बघायची. दाणा वरून पिवळा, घट्ट होत येतो. खाली पांढरा चीक असतो. ती रेघ दाण्याच्या अर्ध्यावर आली की मक्का तयार. मग अख्खं ताट कणसासकट कापायचं, कुट्टी करायची, दाबून भरायचं आणि हवा बंद करायची. दीड महिन्यानं मुरघास होतो, गुरांचा आंबवलेला चारा.

हे मला माझ्या नवऱ्यानं शिकवलं. भूपेंद्रनी.

फाल्गुनात नंदुरबारला बायकांसाठी चाऱ्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. नाव माझं लागलं होतं, पण हिरल तेव्हा पाच महिन्यांची, दर तासाला भुकेली. मी बाहेर निंबाखाली तिला पदराखाली घेऊन बसले आणि आत माझ्या खुर्चीवर भूपेंद्र जाऊन बसले. चाळीस बायकांमध्ये एकटा पुरुष. बायका हसत होत्या. एकीनं विचारलं, "भाऊ, तुमले कितला लेकरं?" त्यांनी मान खाली घालून सगळं वहीत उतरवलं. संध्याकाळी वही माझ्या हातात दिली. आत दाण्याचं चित्र, त्यात रेघ, आणि खाली त्यांच्या ठळक अक्षरात : 'सगळी ताकद दाण्यात आहे. कणीस काढून घेतलं तर उरला नुसता कडबा.' खाली दोन रेघा मारल्या होत्या.

"तुन्हा बदला मी पास व्हयनू," ते म्हणाले होते.

मी नवापूरची. अहिराणी सगळी समजते, पण तोंडात अजून बसलेली नाही. घरात मी मराठी बोलते आणि बाकीचे अहिराणीत उत्तर देतात, तसंच चालतं. कोरीटला लग्न करून आले त्या पावसाळ्यात गोठ्यात काबरी कालवड जन्मली. अंगावर पांढरे-काळे ठिपके, म्हणून काबरी. तिला मीच बाटलीनं दूध पाजून वाढवलं. तेव्हा पदरात दुसरं कुणी नव्हतं. आता ती पहिलटकरीण आहे, कार्तिकात विणार. दुसरी गाय लाली, तिच्या दुधावर घर चालतं. यंदाच्या उन्हाळ्यात कोरड्या कडब्यावर लालीचं दूध अर्ध्यावर आलं, बरगड्या मोजता यायला लागल्या. सासरे, दोधूआबा, एक दिवस गोठ्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "दोन्ही इकी टाकू. जनावर उपाशी ठेवानं पाप मन्हा डोकावर नको."

मी म्हटलं, आबा, एक वर्ष द्या. चाऱ्याला एक एकर द्या. पुढच्या चैत्रात दूध टिकलं नाही तर तुम्ही म्हणाल तसं.

त्या एकरात कापूस लागतो आमचा. आबा म्हणाले, "एक वरीस. एक एकर. मंग माले काही सांगानं नही."

सासूबाईंना मात्र हे पटलं नाही ते नाहीच. मंगलाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मनाच्या वाईट नाहीत, पण भरलं कणीस कुट्टीत घालायचं म्हटलं की त्या आडव्या यायच्या. "कनीस मानूसनं, ताट ढोरनं," त्या म्हणायच्या. "अशीच वाटनी शे पहिलेपासून. दाना खड्डामा गाडशी तू? अन्न शे ते, माय." मी समजवायची, की लाली ते दूध करून परत देते. त्या म्हणायच्या, "लाली काय बँक शे का?" आणि स्वतःच हसायच्या. भूपेंद्र माझ्या बाजूनं बोलायचे. वही आणून दाखवायचे आईला, आणि आई म्हणायची, "माले वही दखाडू नको, मन्हा डोया गयात."

ज्येष्ठ लागायच्या आधीच विहिरीच्या पाण्यावर, ठिबकवर मक्का टोकला. नाल्याच्या बाजूला चार ओळी रानडुकरांनी एका रात्रीत उकरल्या. बारा दिवसांनी मी तिथं पुन्हा बी टोकलं; हिरलला पाठीशी बांधून, एका हातात बी, एका हातात काडी. ती माझ्या वेणीला धरून झोपी जायची. बाकी मक्का माझ्या डोक्याच्या वर गेला, तुरे आले, कणसांना केस सुटले, तरी त्या चार ओळी छातीएवढ्याच होत्या. भूपेंद्र थट्टेनं त्यांना 'तुन्हा नापास पोऱ्या' म्हणायचे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. आमच्याकडे तो दिवस दिवाळीपेक्षा मोठा. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, सव्वा सव्वा मुठीनं गहू मोजून दळतात, त्याचे रोट होतात. सुरतेहून मोठे दीर अमृतदादा आले, जाऊबाई आल्या, मुलं आली. दादांचं तिकडं साड्यांच्या कारखान्यात माणसं पुरवण्याचं काम आहे. गावात आले की त्यांच्याभोवती पाच-सहा जण तरी उभे असतात. दादा खोलीत आले की भूपेंद्र खुर्चीवरून उठतात. मीही ते कौतुकानं बघायची. भाऊ असावेत तर असे, म्हणायची.

रविवारी दुपारी पोरांनी शेतातून दहा-बारा कणसं आणून चुलीत भाजली. दादांनी एक खाल्लं, दुसरं घेतलं. "असा मक्का सुरतमा भेटत नही, भूपा. दाना कसा गोड शे," म्हणाले. मी पोळ्या लाटत होते. मला बरं वाटलं. त्या दिवशी दाण्यात रेघ नुकती दिसायला लागली होती. भाजायला सगळ्यात गोड मक्का तेव्हाच असतो. कापायला अजून आठवडा होता, आणि पुढच्या रविवारी तळोद्याहून करमसिंग कुट्टीचं मशीन घेऊन येणार होता.

सोमवारी सकाळी कानबाईला वाजतगाजत निरोप दिला. दुपारी भूपेंद्र माझ्याजवळ आले. मी भांडी घासत होते. त्यांनी माझ्या हातातला तवा घेतला आणि स्वतः घासायला लागले. पाहुणे घरात असताना. मी म्हटलं, "अहो, कुणी बघेल."

"पाहू दे," ते म्हणाले. "तू थकी गयी. दोन दिन माहेरले जाई ये. हिरलले बी आजीनी आठवन येत व्हई."

"मशीन यायचंय रविवारी."

"गुरुवारले ये ना. मक्का काय पळी जाई ऱ्हायना का?"

त्याच संध्याकाळी ते स्वतः मला नंदुरबारच्या स्टँडवर सोडायला आले. बसला गर्दी होती. खिडकीतून रुमाल टाकून त्यांनी माझ्यासाठी जागा धरली. हिरलच्या डोक्यावर टोपी नीट केली. बस हलली तरी खिडकीच्या बरोबरीनं चार पावलं चालत आले. नवापूरला आईला मी सांगितलं, आई, मला फार चांगलं माणूस मिळालं. आई म्हणाली, दृष्ट लागेल, बोलू नकोस असं.

गुरुवारी परत आले. रस्त्यावरून शेत दिसतं आमचं. तसंच उभं होतं, तुरे वाऱ्यावर हलत होते. घरी पिशवी टेकवली, हिरलला कडेवर घेतलं आणि रेघ कुठवर आली ते बघायला शेतात गेले. भूपेंद्र मागून म्हणाले, "चहा ते पी आधी." मी म्हटलं, आलेच.

पहिल्या ओळीत शिरले. पहिल्या ताटाला कणीस नव्हतं. दुसऱ्याला नव्हतं. जिथं कणीस असतं तिथं देठ मोडून पांढरी जखम राहिलेली, तिच्यावर मुंग्या. मला वाटलं या ओळीत कुणी पोरांनी हात मारला असेल. पुढच्या ओळीत गेले. मग त्याच्या पुढच्या. मक्का इतका दाट, की आत गेल्यावर फक्त पानं दिसतात. मी प्रत्येक ताट चाचपत गेले. हिरलला पानांची गंमत वाटत होती, ती हात पसरून ती पकडत होती. नाल्यापर्यंत पोचले. त्या चार बुटक्या ओळींवर तेवढी कणसं होती, बारीक, कोवळ्या चिकाची.

बांधावर रेवाबाई गवत कापत होती. ती आमच्याकडे मजुरीला येते, डोंगराकडची आहे. मला बघून उठली.

"रेवाबाई, कणसं कुठं गेली?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "ताई, तुला सांगितलं नाही का? मंगळवारी तोडली. आम्ही सहा बायका होतो. भाऊनीच बोलावलं." मग हळूच म्हणाली, "मोठा भाऊ टेम्पो घेऊन आला होता. दोन फेऱ्या झाल्या. मी विचारलं बी, ताई कुठंय? भाऊ बोलला, तिला माहीत आहे, ती माहेरी गेली."

तिनं विळा खाली ठेवला आणि हिरलला घ्यायला हात पुढं केले. मी दिली.

भूपेंद्र बांधापर्यंत आले होते. रेवाबाईला बघून थांबले. ती हिरलला घेऊन विहिरीकडे गेली.

"दादाले पाहिजे व्हतात," ते म्हणाले. "त्यासनी सोसायटी शे, कारखानाना मान्से शेतस. त्यासले वाटाले. समदासमोर मांगं त्यासनी. रोटले आयेल भाऊले नही कसं म्हनू?"

"मला विचारायचं होतं."

"तू नही म्हनती."

"हो. म्हटलं असतं."

"मंग."

मग ते म्हणाले, "चारा ते उभाच शे, दीपमाला. दादानी ताट थोडीच लई गयात."

हेच मी पेरणीच्या आधीपासून ऐकत आले होते, पण सासूबाईंच्या तोंडून. त्यांच्यावर मला कधी राग आला नाही. त्यांनी दाण्यातली रेघ पाहिलेली नाही. माझ्या जागी खुर्चीवर त्या बसल्या नव्हत्या.

"हे आईंनी म्हणावं," मी म्हटलं. "तुम्ही म्हणू नका. तुम्ही लिहिलंय ते, दोन रेघा मारून."

ते वाकून बांधावरचं गवत उपटायला लागले.

"माहेरी मला कधी पाठवायचं ठरलं? तवा घासण्याच्या आधी, की नंतर?"

"तसं नव्हतं ते."

"मग कसं?"

खरं तर मला ऐकायचं नव्हतं. मला खिडकीतून टाकलेला तो रुमाल दिसत होता. त्यांना माझी काळजी वाटली नसेल असं मी आजही म्हणत नाही. वाटलीच असेल. जागा धरताना, टोपी नीट करताना वाटलीच असेल. पण टेम्पो तेव्हा ठरलेला होता, आणि ते माझ्या खिडकीबरोबर चालत होते.

घरी गेल्यावर सासूबाईंनी भाकर वाढली. म्हणाल्या, "तोंड काबर उतरेल शे? कनसं गयात म्हनीसन? आपलाच भाऊ शे तो. खड्डामा घालापेक्षा मान्सासना पोटमा गयात." त्यांनी माझ्या ताटात लोणी जरा जास्तच घातलं. मी जेवले. दूध पाजायचं असतं, जेवावं लागतं.

रविवारी करमसिंग ट्रॅक्टरला मशीन जोडून आला. त्यानं एक ताट वाकवलं, दुसरं वाकवलं, आणि मला विचारलं, "ताई, कणसं कुठंयत?"

माझ्याआधी भूपेंद्र बोलले. "पोपट लागनात यंदा. बठ्ठा खाई गयात." आणि हसले.

करमसिंगनं मोडलेल्या देठावर अंगठा फिरवला. "आमच्याकडचे पोपट दाणे खातात, भाऊ. तुमच्याकडचे देठासकट नेतात वाटतं. पिशव्या घेऊन येतात का?"

मजूर बायका हसल्या. रेवाबाई हसली नाही. करमसिंग मग माझ्याकडे वळून नीट बोलला. "भरून देतो मी. आंबेल चांगला, वासही येईल, गाय खाईल. पण जोर नाही यात. पेंड वाढवावी लागेल, नाहीतर दूध उतरेल. तुम्हाला माहीत आहेच."

भूपेंद्र मला बाजूला घेऊन हळू म्हणाले, "भरू दे ना गप. गूळ टाकू, आंबवानं कल्चर टाकू. आबाले वासवरथून काय समजनार शे? त्यासले सांगसू, तू सांगं तसंच करं."

तोवर मला वाटत होतं की जे व्हायचं ते मंगळवारी होऊन गेलं. ते वाक्य ऐकलं आणि पुढचा चैत्र मला डोळ्यासमोर दिसला. लालीचं दूध उतरलेलं. आबा गोठ्याच्या दारात. आणि सगळे म्हणतायत, दीपमालानं सांगितलं तसंच केलं होतं, एक एकर दिलं होतं, एक वर्ष दिलं होतं. नाही जमलं तिचं. तेव्हा भूपेंद्र बाजूला उभे असतील आणि गप्प असतील. दादांचं नाव निघणार नाही. कणसांचंही नाही.

आबा विहिरीच्या काठावर बसले होते. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांसमोर त्यांच्याजवळ गेले.

"आबा, मशीन चालू व्हायच्या आधी सांगते. हा मुरघास नाही होणार. दाणा गेलाय यातला. चैत्रात दूध कमी झालं तर ते यामुळं होईल. मला एक वर्ष दिलं होतंत, ते या खड्ड्यावर मोजू नका."

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. भूपेंद्रकडे बघितलं. "दाना काढा ते चारानी ताकद जास, हाई तुले माहीत व्हतं?"

करमसिंगनं ट्रॅक्टर बंद केला होता.

भूपेंद्र म्हणाले, "व्हतं, आबा."

"हिले माहेरले कोनी धाडं?"

"मीच."

आबा उठले. धोतर झटकलं. करमसिंगला म्हणाले, "चालू कर, भो. जे शे ते भर." मग माझ्याजवळून जाताना थांबले. "नालाकडनी चार ओळी शेतस ना तुन्ह्या?"

"आहेत. अजून नुसता चीक आहे, रेघ नाही आली."

"त्या राहू दे. तो चारा काबरीले. काबरीवर पाहू तुन्हं वरीस." दोन पावलं जाऊन म्हणाले, "लाली दिवाईनंतर इकू. या चारावर तिना हाल कराना नही."

म्हणजे लाली गेली. ज्या मक्क्यावर ती राहणार होती, तो सुरतेच्या कुठल्या तरी सोसायटीत मीठ-लिंबू लावून लोकांनी खाल्ला. त्या लोकांना लाली माहीत नाही. त्यांचा काही दोष नाही.

त्यानंतर रोज सकाळी धार झाली की मी हिरलला घेऊन नाल्याकडे जायचे आणि एक कणीस मोडायचे. भूपेंद्र घरात माझं सगळं करत होते. पाणी भरायचे, हिरलचे लंगोट वाळत घालायचे. बोलायला यायचे. मी उत्तर द्यायचे: हो, नाही, ठेवा तिथं. भांडले नाही. भांडायला जो भरवसा लागतो, की समोरचा खरं सांगेल, तोच माझ्याजवळ नव्हता. रात्री ते झोपेत हिरलच्या अंगावर हात टाकायचे, आणि मी त्या हाताकडे बघत राहायचे. तोच हात. तोच तवा घासलेला.

बाराव्या दिवशी रेघ अर्ध्यावर आली.

रेवाबाई आणि मी विळ्यांनी चार ओळी कापल्या. शेजारून हातानं फिरवायचं कुट्टीयंत्र आणलं होतं. ती चाक फिरवायची, मी ताटं सारायची, कणसासकट. पात्याखाली कणीस आलं की कचकन आवाज यायचा आणि चिकाचा गोड वास सुटायचा. सासूबाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या. पदर तोंडाशी धरून बघत होत्या. मग स्वतःच खाली बसून यंत्राबाहेर उडालेले दाणे एक एक वेचायला लागल्या, आणि मूठ भरल्यावर क्षणभर थांबून ती मुरघासाच्या पिशवीतच टाकली.

मुरघासाच्या दोन मोठ्या पिशव्या भरतील एवढा चारा झाला. त्यात पायांनी तुडवत तुडवत भरावं लागतं. आत हवा राहिली तर सगळं बुरशीला जातं. जितकं जड माणूस तितकं चांगलं. रेवाबाई काटकुळी, आणि मीही बाळंतपणानंतर तशीच. आम्ही दोघी पिशवीत उतरून एकमेकींचे खांदे धरून नाचत होतो नुसत्या.

भूपेंद्र हिरलला घेऊन आले. थोडा वेळ बघत राहिले. मग चप्पल काढली, नळीच्या पाण्यानं पाय धुतले, पुसले.

"मी येस आत," ते म्हणाले. "मन्हं वजन शे."

खरं होतं ते. त्यांच्या वजनानं काम चांगलं झालं असतं, लवकर झालं असतं. रेवाबाई बाहेर पडायला निघाली, मी तिचा खांदा सोडला नाही.

"यात नको," मी म्हटलं.

"काबरीसाठी ते येऊ दे."

"काबरीसाठीच म्हणते."

ते ओल्या पायांनी तिथंच उभे राहिले. हिरल त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून हसत होती आणि त्यांचा कान ओढत होती. ती त्यांच्याकडे किती सुखात असते. ते मी तिच्याकडून कधी काढून घेणार नाही.

"किती दिन असं, दीपमाला?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं, म्हणून मी खोटं काही सांगितलं नाही. एका वेळी मूठभर कुट्टी कडेला सारून, टाच रोवून, आम्ही दोघी पुन्हा तुडवायला लागलो. दुसरी पिशवीही काठोकाठ भरली. मी बाहेर आले, पिशवीचं तोंड पिळून आतली हवा काढली, सुतळीचे सात वेढे दिले आणि गाठ मारली. मग हात धुतले.

"आणा तिला इकडे," मी म्हटलं. "तिच्या दुधाची वेळ झाली."